स्वतःचं काम सुरू केलंय? मग कामाला जाताना काय घालायचं ते एकदाच नीट ठरवून टाका

नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं की पहिल्या महिन्यात सगळे लोगो, व्हिजिटिंग कार्ड, इन्स्टा पेज, करंट अकाउंट या गडबडीत असतात, आणि कपड्यांचा विचार येतो तो पहिल्या मोठ्या मीटिंगच्या आदल्या रात्री. तेव्हा इस्त्रीवाल्याने दुकान बंद केलेलं असतं, चांगला कुर्ता धुवायला पडलेला असतो आणि बुटांना तीन महिन्यांची धूळ असते. मी पुण्यात इंटिरियरचं काम स्वतंत्रपणे करते, माझ्याकडे शिकून पुढे स्वतःचं काम सुरू करणारी मुलंमुली हे हमखास विचारतात की ताई, रोज काय घालायचं, ब्लेझर घ्यायचा का, जीन्स चालते का. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढते. उदाहरणं माझ्या लाइनमधली जास्त येतील, पण अकाउंट्सवाले, फोटोग्राफर, क्लास घेणारे, विमा सल्लागार, केटरिंगवाले, कुणालाही थोडा फेरफार करून वापरता येईल.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. कंपनीत होतात तेव्हा गळ्यात आयडी कार्ड होतं आणि मागे कंपनीचं नाव होतं. आता समोरचा माणूस तुमच्या हातात घराची चावी देणार, अ‍ॅडव्हान्स देणार, आपल्या धंद्याचे हिशेब उघडून दाखवणार, आणि तुमच्याबद्दल त्याला माहिती किती, तर कुणीतरी दिलेला एक फोन नंबर. मग तो तुमच्याकडे बघून अंदाज बांधतो, आणि तो अंदाज कपड्यांच्या किमतीवरून बांधत नाही, टापटिपीवरून बांधतो. हजार रुपयांचा शर्ट अंगावर नीट बसलेला आणि इस्त्री केलेला असेल तर पाच हजारांच्या चुरगळलेल्या शर्टापेक्षा कधीही भारी दिसतो. म्हणून या लेखात खरेदी कमी आहे, आणि फिटिंग, इस्त्री, चपला-बूट, डाग यावर जास्त लिहिलंय.

पायरी 1: तुमचं काम तुम्हाला कुठे कुठे नेतं ते लिहा

कपाट उघडायच्या आधी वही उघडा. मागचे दोन आठवडे आठवा आणि कुठे गेलात, तिथे कोण होतं, किती वेळ उभे होतात, कशाने गेलात ते लिहून काढा. माझा साधारण दिवस सांगते. सकाळी वाकडला साइटवर, तिथे सुतार आणि पीओपीवाले दोघंही कामाला, हवेत भुसा आणि पांढरी धूळ. दुपारी भवानी पेठेत टिंबर मार्केटला प्लाय बघायला. संध्याकाळी कोथरूडला एका काकूंच्या घरी डिझाइन दाखवायला, आणि रात्री साडेनऊला परदेशातल्या एखाद्या क्लायंटशी व्हिडिओ कॉल. हे चारही एकाच दिवसात, मध्ये घरी जायला वेळ नाही. म्हणजे मला असे कपडे पाहिजेत जे धुळीत तग धरतील, टू-व्हीलरवर चालतील आणि संध्याकाळी कुणाच्या सोफ्यावर बसले तरी नीट दिसतील.

तुमची यादी वेगळी असेल. अकाउंट्स बघणाऱ्याला सकाळी चाकण किंवा भोसरीच्या एमआयडीसीत जायचंय आणि दुपारी सीएच्या ऑफिसात. मशीनजवळून जायचं असेल तर लोंबणारी ओढणी, ढगळ बाह्या, गळ्यातली लांब माळ हे घरीच ठेवा, हा सुरक्षेचा मुद्दा आहे. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डिंग चालू असतं तिथे पॉलिस्टरचे कपडे घालून उभं राहू नका, ठिणगी पडली की ते कापड वितळून कातडीला चिकटतं, जाड कॉटन बरं. लग्नाचे फोटो काढणाऱ्याने गडद, साधे आणि भरपूर खिसे असलेले कपडे घालावेत, पाहुण्यांच्या फ्रेममध्ये आपला चटक रंग येता कामा नये. वकिलांना काळा-पांढरा ठरवूनच दिलाय, त्यांना हा प्रश्न नाही.

आणि आपल्याकडे एक गोष्ट लोक हमखास विसरतात. क्लायंटच्या घरी मीटिंग असली की चपला-बूट दारात काढायचे असतात. म्हणजे तुमचे मोजे सगळ्यांना दिसणार. अंगठ्याला भोक पडलेला मोजा किंवा दिवसभराच्या घामाचा वास, याने पंधरा मिनिटं आधी केलेली चांगली सुरुवात वाया जाते. घरोघरी जाणाऱ्याने लेसचे बूट शक्यतो टाळावेत, दारात वाकून गाठ सोडत बसण्यापेक्षा स्लिप-ऑन सोपे, आणि बॅगेत एक धुतलेला मोजेजोड असावाच.

लोक विचारतात की समोरचा कसा कपडे घालतो तसंच घालायचं का. माझं मत असं की समोरच्यापेक्षा थोडंसंच जास्त नीट दिसावं, फार पुढे जाऊ नये. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याकडे थ्री-पीस घालून गेलात तर तो मनात म्हणेल की याची फी आपल्याला परवडायची नाही. तिथे साधा फुल शर्ट, चांगली पँट, स्वच्छ चप्पल बास. हिंजवडीच्या आयटी ऑफिसमध्ये सगळे टी-शर्टवर असतात, तिथे तुम्ही कॉलरचा शर्ट बाह्या दुमडून घातला की झालं. महापालिकेत किंवा बँकेत काम असेल तर फॉर्मलच घाला, तिथे टेबलापलीकडचा माणूस तुम्हाला ओळखत नसतो आणि बसा म्हणायचं की थांबा म्हणायचं ते दोन सेकंदांत ठरवतो.

पायरी 2: कपाट रिकामं करा

सगळं पलंगावर काढा आणि एकेक घालून आरशासमोर उभे राहा. कॉलर घासून पांढरी पडलेली, रंग विटलेला, काखेत पिवळा डाग, लोकरीसारखे गोळे आलेले, बटण ताणलेलं, हे सगळं कामाच्या कपड्यांतून बाद. घरी घाला, साइटच्या रंगकामाला घाला, पण मीटिंगला नको. "बारीक झालो की घालीन" असे कपडे वेगळ्या पिशवीत टाका, रोज सकाळी ते मध्ये आले की नुसता वेळ जातो. राहतील ते बहुतेक वेळा पाच-सहाच निघतात, आणि तेवढ्यावर सुरुवात करायला हरकत नाही.

पायरी 3: थोडेच, पण एकमेकांशी जुळणारे

सुरुवातीला पुरेल असा संच सांगते. खाली दोन किंवा तीन पँट, वर पाच शर्ट किंवा कुर्ते, मोठ्या मीटिंगसाठी वर घालायचं एक जाकीट, आणि दोन जोड चपला-बूट. एवढंच. अट एकच, कुठलीही पँट कुठल्याही शर्टावर गेली पाहिजे. म्हणून पँट नेव्ही, राखाडी, बिस्किट अशा शांत रंगांत घ्या आणि रंग काय खेळायचा तो वर खेळा.

काळी पँट सगळे पहिली घेतात. ऑफिसात बसून काम असेल तर जरूर घ्या, पण ज्यांचा बांधकामाशी संबंध येतो त्यांनी नको, पीओपीची धूळ काळ्यावर अशी उठून दिसते की आपण पिठाच्या गिरणीतून आलोय असं वाटतं. मधल्या राखाडीवर किंवा खाकीवर तीच धूळ झटकली की दिसतही नाही. उलट केटरिंगवाल्यांनी फार फिके रंग टाळावेत, तेल-हळदीचा एक थेंब आणि कपडा गेला.

बायकांसाठी माझी पसंती सरळ कटचा कॉटन कुर्ता आणि घोट्यापर्यंतची पँट. लेगिंग टाळा, खाली बसलं-उठलं की कुर्ता कसाही सरकतो आणि लक्ष तिकडेच जातं. साडी नेसायची सवय असेल तर मोठ्या प्रेझेंटेशनला मंगलगिरी किंवा नारायणपेठ कॉटन आणि त्यावर खणाचा ब्लाऊज, याच्याइतकं छान काहीच दिसत नाही, पदर चापून-चोपून पिन केलेला असला म्हणजे झालं. मात्र साइटवर साडी नको, परांचीजवळ आणि वायरींच्या जाळ्यात निऱ्या सांभाळत चालणं धोक्याचं आहे.

पुरुषांनी शर्टाच्या बरोबरीने एक-दोन चांगले कॉलरवाले टी-शर्ट ठेवावेत. जीन्स चालते का, तर गडद निळी, न फाटलेली, न विटलेली जीन्स बऱ्याच ठिकाणी चालते, पण पहिल्या मीटिंगला नको. एकदा काम चालू झालं, ओळख झाली की मग ठीक आहे. ब्लेझर लगेच घेऊ नका, आपल्या हवेत तो वर्षाचे आठ महिने हातावरच राहतो. त्याऐवजी बिनबाह्यांचं जाकीट, ज्याला लोक नेहरू जाकीट म्हणतात, ते कुर्त्यावरही जातं, शर्टावरही जातं आणि टू-व्हीलरवर घालूनही बसता येतं.

पायरी 4: कापड हातात घेऊन बघा

ऑनलाइन फोटोत सगळंच छान दिसतं, निदान पहिल्यांदा तरी दुकानात जाऊन घ्या. पुण्यात लक्ष्मी रोड आहे, मुंबईत दादरचं हिंदमाता आणि काळबादेवीजवळचं मंगलदास मार्केट आहे. कापड मुठीत घट्ट दाबा, पाच-सहा सेकंद धरा आणि सोडा. चुण्या तशाच राहिल्या तर टू-व्हीलरवरून पोचेपर्यंत त्याची काय दशा होईल ते तुमच्या समोरच आहे. मग उजेडासमोर धरा. आरपार बोटं दिसत असतील तर आत काहीतरी घालावं लागणार, आणि मे महिन्यात ते नको वाटतं.

शर्ट-कुर्त्याला कॉटन किंवा कॉटन-लिनन मिक्स घ्या. नुसतं लिनन दिसायला सुंदर, घालायला थंड, पण ते चुरगळणारच, तो त्याचा स्वभावच आहे, त्यामुळे पाच मिनिटं बसून उठल्यावर लगेच प्रेझेंटेशन असेल त्या दिवशी नको. पँटला मात्र शंभर टक्के कॉटनचा हट्ट धरू नका, पॉलिस्टर-व्हिस्कोस मिक्सची पँट दिवसभर घडी धरून राहते आणि रात्री धुतली तर सकाळी वाळलेली असते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत टेरिकॉटचा, म्हणजे पॉलिस्टर-कॉटन मिक्सचा शर्ट अंगाला चिकटतो, तिथे कॉटनच. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो, तिथे फिके रंग आणि पूर्ण बाही, ऊन थेट कातडीवर पडत नाही.

शिवून घेणार असाल तर कापड घेताना आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी विचारा. 58 इंच पन्ह्याचं कापड असेल तर पूर्ण बाहीच्या शर्टाला साधारण 1.6 मीटर आणि पँटला 1.2 ते 1.3 मीटर लागतं. 44 इंच पन्हा असेल तर गुडघ्यापर्यंतच्या, पाऊण बाहीच्या कुर्त्याला अडीच मीटर घ्या. उंची किंवा बांधा मोठा असेल तर टेलरला विचारून मगच कापायला सांगा. आणि कॉटन कापड शिवायला देण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्या. कॉटन पहिल्या धुण्यात आटतं, शिवल्यावर आटलं की बाही मनगटाच्या वर चढते.

पायरी 5: टेलरशी दोस्ती करा

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नवे लोक नेमकं हेच सोडतात. रेडिमेड कपडा एका कुठल्यातरी सरासरी मापाचा असतो, तुमच्या मापाचा नसतो. दुकानातून आणला आणि तसाच घातला तर खांदा बसला तर कंबर ढगळ, कंबर बसली तर लांबी जास्त. घराजवळ एखादा जुना टेलर शोधा, जो आल्टरचं काम कुरकुर न करता घेतो.

रेडिमेड घेताना पहिली नजर खांद्यावर. खांद्याचं हाड संपतं तिथेच शिवण संपली पाहिजे. बाकी सगळं दुरुस्त होतं, खांदा सहज होत नाही. मी एकदा एक कुर्ता घेऊन गेले तेव्हा आमचे मास्टर काय म्हणाले ते सांगते.

"मास्टर, ही शिवण दंडावर उतरलीय बघा, वर घेता येईल का?"

"ताई, घेता येईल, पण बाही उसवायची, मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा गोल, परत कापायचा, मग बाही परत लावायची. एवढं करून पहिल्यासारखं बसेलच असं नाही. कंबर म्हणाल तेवढी घेतो, उंची घेतो, बाही घेतो. खांदा मात्र दुकानातच बघून घेत जा."

तेव्हापासून ट्रायल रूममध्ये मी आधी खांदा बघते, आणि तिथे नुसतं आरशासमोर सरळ उभं राहून भागत नाही. दोन्ही हात वर करा, कारण कामात मेजर टेप वर धरायचाय, बोर्डवर लिहायचंय, कॅमेरा धरायचाय. शर्ट पँटीतून बाहेर आला का, कुर्ता काखेत ओढला का. मग खाली बसा. छातीवरच्या दोन बटणांमध्ये फट पडते का ते बघा, पडत असेल तर एक साइज मोठा घ्या आणि बाजू टेलरकडून आत घेऊन घ्या. कॉलरचं बटण लावून आत दोन बोटं जायला हवीत. पूर्ण बाही मनगटाच्या हाडापर्यंत. पँट बुटाला जेमतेम टेकलेली, टाचेखाली घोळ झाला की नवीन पँटही जुनी दिसते.

शिवून घेताना मास्टरांना दोन गोष्टी आवर्जून सांगा. एक, शिवणीत आत माया, म्हणजे थोडं जादा कापड ठेवा, म्हणजे पुढे वजन वाढलं तर बाजू सोडता येतात. दुसरं खास बायकांसाठी, कुर्त्याला बाजूच्या शिवणीत खिसा लावून घ्या, खोल, फोन पूर्ण मावेल असा. हे कापड बेतायच्या आधी सांगावं लागतं, नंतर जोडलेला खिसा फुगतो. क्लायंटशी बोलताना एका हातात फोन, दुसऱ्यात टेप, खांद्यावरून पर्स घसरतेय, अशी धांदल होते ती एका खिशाने थांबते. आणि ट्रायल घेतल्याशिवाय फायनल शिलाई करू देऊ नका, घाईत असले तरी.

पायरी 6: पायात काय

लोक खालपासून वर बघतात हे मी साइटवर कित्येकदा अनुभवलंय, सुतारसुद्धा नवीन माणूस आला की आधी बुटाकडे बघतो. दोन जोड ठेवा आणि आलटून-पालटून घाला, कारण चामड्याचा बूट दिवसभराच्या घामाने आतून ओला होतो आणि त्याला वाळायला एक पूर्ण दिवस लागतो. रोज तोच घातला की वास येतो आणि लवकर फाटतो. पॉलिश दर आठवड्याला, टाच झिजायला लागली की लगेच चांभाराकडून रबर लावून घ्या, पूर्ण झिजेपर्यंत थांबलात की बूटच वाकडा होतो.

कोल्हापुरी चप्पल कुर्त्यावर, साडीवर, जाकिटावर झकास दिसते आणि घरोघरच्या मीटिंगला सोपीही पडते. नवीन असताना चावते, तेव्हा दोन-तीन रात्री आतून-बाहेरून तेलाचा हात फिरवून ठेवा, चामडं मऊ होतं. पावसात मात्र बाहेर काढू नका, भिजली की तळवा सुटतो. साइटवरही नको, तिथे उलटे पडलेले खिळे असतात, तिथे जाड तळाचे बंद बूटच. वेगळे साइटचे बूट गाडीच्या डिकीत ठेवा, पोचल्यावर बदला, म्हणजे चांगले बूट चांगले राहतात.

पायरी 7: इस्त्री, धुणं आणि डाग

परीटघडीचे कपडे ही सवय आहे, आणि ती रविवारी लागते. रविवारी दुपारी आठवड्याचे पाच जोड इस्त्री करून हँगरला लावून टाका, किंवा शनिवारी इस्त्रीवाल्याकडे द्या. रोज सकाळी एकेक शर्ट इस्त्री करू म्हणाल तर ज्या दिवशी लाइट गेली त्याच दिवशी मीटिंग असते. कॉटन थोडं ओलसर असताना इस्त्री करा, लिनन तर ओलसरच, पूर्ण वाळल्यावर चुणी जात नाही. कॉटनच्या साडीला आणि कुर्त्याला हलकी खळ दिली की दिवसभर ताठ राहतात, फार दिली तर कागदासारखं वाजतं आणि घडीवर फाटतं.

डागांचं थोडं सविस्तर सांगते, कारण नवीन कपडे डागांनीच जातात.

हळदीचा डाग, म्हणजे मिसळ, वरण, भाजी, जेवताना हमखास पडणारा. त्याला साबण लावला की तो लाल होतो आणि लोक घाबरतात, कपडा गेला म्हणून टाकून देतात. हळद अल्कलीत लाल होते, साबणात अल्कली असते, त्यामुळे तो लालपणा तात्पुरता आहे. साबणाने धुवा, भरपूर पाण्याने खळबळा आणि ओलाच कडक उन्हात वाळत घाला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, दोन-तीन उन्हांत डाग फिका होत जातो. पांढऱ्या कॉटनवर तर फारच छान जातो.

पीओपीची धूळ अंगावर पडली तर ओल्या हाताने पुसू नका, पाणी लागलं की तिची पेस्ट होते आणि धाग्यात बसते. कोरडं असतानाच झटका, मग ब्रश मारा, पाणी सगळ्यात शेवटी. फेव्हिकॉल उलट, तो ओला असतानाच पाण्याने धुवायचा, वाळला की कपड्याला कवच चढतं. भिंतीचा प्लास्टिक पेंटसुद्धा ओला असताना पाण्याने निघतो, ऑइल पेंटला टर्पेंटाइन लागतं. बॉलपेनच्या शाईला हँड सॅनिटायझर लावून खालून कापूस धरा आणि टिपत राहा, चोळू नका, चोळलं की पसरते. आधी आतल्या कोपऱ्यावर एक थेंब लावून कपड्याचा रंग जात नाही ना ते बघा.

काखेतले पिवळे डाग घाम आणि अँटीपर्स्पिरंट एकत्र आल्याने होतात. त्यावर ब्लीच ओतू नका, आणखी पिवळे पडतात. खाण्याच्या सोड्याची पेस्ट लावून अर्धा तास ठेवा आणि मग धुवा. शर्टाच्या आत कॉटनचं बनियन घातलं तर हा प्रश्न बराच कमी होतो, उकाड्यात एक थर जास्त वाटतो पण घाम शर्टापर्यंत पोचत नाही.

पायरी 8: टू-व्हीलर आणि पाऊस

आपल्यापैकी बहुतेक जण गाडीवरच फिरतात, म्हणून घरून निघताना कसे दिसतो त्यापेक्षा पोचल्यावर कसे दिसतो ते बघा. दहा मिनिटं आधी पोचा, हेल्मेट काढा, केस नीट करा, चेहरा पुसा, मग बेल वाजवा. बायकांनो, सनकोट आणि स्कार्फ जिन्यातच काढून घडी करून डिकीत किंवा बॅगेत टाका, क्लायंटच्या दारात उभं राहून ते सोडत बसू नका.

डिकीत एक छोटी पिशवी कायमची ठेवा. त्यात कंगवा, छोटा टॉवेल, मोज्यांचा जोड, सेफ्टी पिना, सुई-दोरा, दोन-तीन बटणं, बुटाचा स्पंज आणि एक घडी केलेला कुर्ता किंवा शर्ट. हा जादा शर्ट कितीतरी जणांची मीटिंग वाचवतो.

जून ते सप्टेंबर फिकी पँट कपाटात. मागच्या चाकाचे शिंतोडे पाठीपर्यंत जातात. रेनकोट घेताना पँटसकट सूट घ्या, नुसत्या वरच्या जाकिटाने मांड्या भिजतात आणि ओली पँट घालून कुणाच्या सोफ्यावर बसता येत नाही. पावसाळ्यात रबरी किंवा पीव्हीसीचे बंद बूट घाला, चामड्याचे आत वर्तमानपत्राचे बोळे भरून कोरड्या जागी ठेवा. कोकणात आणि मुंबईत बंद कपाटातल्या कपड्यांना, बुटांना, पट्ट्याला बुरशी लागते, ऊन पडलं की दर वेळी काढून वाऱ्यावर ठेवा.

पायरी 9: घरून काम आणि व्हिडिओ कॉल

घरी बसून काम करणाऱ्यांनीही सकाळी अंघोळ करून कपडे बदलावेत असं माझं ठाम मत आहे. फोनवर आवाजातही फरक पडतो, आणि अचानक कुणी "पाच मिनिटं व्हिडिओ ऑन करता का" म्हटलं की धावाधाव होत नाही.

कॉलला एकरंगी, मधल्या छटेचे कपडे घाला. बारीक रेघा आणि बारीक चौकडे स्क्रीनवर नाचल्यासारखे दिसतात, समोरच्याला डोळ्याला त्रास होतो. एकदम पांढरा शर्ट घातला की कॅमेरा उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. मागची भिंत क्रीम असेल तर क्रीम कुर्ता नको, नुसतं डोकं तरंगताना दिसतं. खिडकी समोर ठेवा, पाठीमागे नको. आणि खाली पूर्ण पँट घाला, मध्येच सँपल आणायला उठावं लागतंच.

पायरी 10: पैसे

कपड्यांना एकदम मोठा खर्च करू नका, पहिले दोन पेमेंट आले की मग एकेक वाढवा. हिशोब असा करा. 2200 रुपयांची चांगली पँट आठवड्यातून दोनदा घातली आणि दीड वर्ष टिकली, तर एका वेळेला जेमतेम 14-15 रुपये पडतात. 700 ची पँट चार धुण्यांत विटली तर ती महाग पडली. रोज लागणाऱ्या गोष्टींना पैसे घाला, म्हणजे पँट, बूट, बॅग. वर्षातून दोनदा लागणाऱ्या ब्लेझरला नको.

22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्यांवर 2500 रुपयांपर्यंत 5 टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर 18 टक्के, बूट-चपलांनाही जोडीमागे हीच हद्द आहे. म्हणजे 2500 च्या आसपासची वस्तू घेताना थोडं अलीकडे थांबलात तर बराच फरक पडतो.

नवे लोक सीएला हमखास विचारतात की कामासाठी घेतलेले कपडे धंद्याच्या खर्चात टाकू का. रोजचे शर्ट, कुर्ते, पँट हा वैयक्तिक खर्च धरला जातो, आयकरात तो वजा मिळत नाही, मीटिंगसाठीच घेतला म्हटलं तरी. सेफ्टी शूज, हेल्मेट, तुमच्या हाताखालच्या माणसांना दिलेले लोगोचे टी-शर्ट यांची गोष्ट वेगळी, त्यांची बिलं धंद्याच्या नावाने घ्या आणि सीएला दाखवा. इंटिरियरसारख्या व्यवसायात प्रिझम्प्टिव्ह, म्हणजे अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने रिटर्न भरत असाल तर जमेच्या निदान 50 टक्के रक्कम उत्पन्न धरली जाते आणि वेगवेगळे खर्च मांडायचे नसतात, तेव्हा त्या बिलांचा करासाठी उपयोग नाही. तरी वर्षभराची बिलं एका पाकिटात ठेवाच, दिवाळीच्या आधी ती काढून बसलात की कुठला कपडा किती टिकला ते तारखेनिशी कळतं आणि पुढची खरेदी त्यावरून ठरवता येते.